वजनकाटा तोच, मग परकराची नाडी आखूड का पडते?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं सगळं कशाबद्दल आहे ते ध्यानात राहील. तुमचं वय ४८. दीड वर्षापासून पाळी तीन-तीन, चार-चार महिने येत नाही. तीन वर्षांत वजन जेमतेम दोन किलोंनी वाढलं, पण कमरेचा घेर ७९ सेंटीमीटरवरून ८७ वर गेला. मांड्या उलट सैल आणि बारीक वाटतात. खाणं तेच, संध्याकाळचं चालणं तेच. सगळे म्हणतात ‘हार्मोन्समुळे होतं’. तुम्हाला जाणून घ्यायचंय की हे हार्मोन्स चरबीचं नेमकं करतात काय, आणि हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर पोट उतरेल का. सोबत २२ वर्षांच्या मुलीची काळजी आहे. तिला पीसीओडी, म्हणजे पाळी बिघडवणारा अंडाशयाचा हार्मोन-विकार आहे, आणि तिचंही पोटच सुटतंय.

ताई, तुम्ही वजनाबरोबर कमरेचा घेरही मोजून ठेवलात, हे फार चांगलं केलंत. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी नऊ जणी फक्त काट्यावरचा आकडा सांगतात आणि तो फारसा वाढलेला नाही म्हणून निर्धास्त असतात. तपासताना मात्र कमरेवर परकराच्या नाडीचे काळपट वळ दिसतात. जुना वळ खाली, नवा दोन बोटं वर, कारण पोट पुढे आल्यावर नाडी जुन्या जागी टिकत नाही. काटा जे लपवतो ते नाडी सांगते.

लैंगिक हार्मोन्स, म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉन, अंगावर चरबी किती असावी यात भाग घेतात हे खरं. पण त्याहून जास्त ते ठरवतात ती चरबीची जागा, आणि ती तिथून कधी बाहेर काढायची ते. तुमच्या शरीरात तीन वर्षांत चरबी थोडी वाढली आहे, पण तिचं घर पुष्कळ बदललं आहे.

मेदपेशी म्हणजे कणगी समजा. तिला दोन दारं. आत येण्याच्या दारावर लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम असतं. रक्तातून वाहत आलेल्या ट्रायग्लिसराइड या चरबीचे तुकडे करून ते पेशीत घेतलं जातं. बाहेर जाण्याच्या दारावर दुसरी एन्झाइम्स असतात, जी साठलेली चरबी फोडून फॅटी ॲसिडच्या रूपात रक्तात सोडतात. हे बाहेरचं दार उघडा असा हुकूम ॲड्रेनलिन आणि त्याचं भावंड नॉरॲड्रेनलिन देतात. उपाशी असताना, धावपळीत, व्यायामात. आणि ते दार लावून घेणारं सगळ्यात जबरदस्त हार्मोन म्हणजे इन्सुलिन. रक्तात इन्सुलिन चढलेलं असेल तोवर चरबी बाहेर पडत नाही.

आता गंमत अशी की ॲड्रेनलिनचा हुकूम ऐकणारे कान मेदपेशीवर दोन प्रकारचे असतात. बीटा नावाचे कान ऐकून दार उघडतात. अल्फा-२ नावाचे कान तोच हुकूम ऐकून दार लावतात. कुठल्या जागेच्या चरबीत कुठले कान जास्त, यावर ती चरबी सहज वितळते की चिकटून बसते हे ठरतं. पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या नितंब-मांड्यांवरच्या चरबीत अल्फा-२ चा जोर असतो, आणि तो जोर इस्ट्रोजेनमुळे वाढतो. आतलं दार तिथे सताड उघडं, बाहेरचं अर्धवट लावलेलं. म्हणून तरुण बाई कितीही चालली तरी मांड्या लवकर उतरत नाहीत. चेहरा आणि छाती आधी उतरते.

शेतकऱ्याच्या घरात रोजच्या दळणाची कणगी वेगळी असायची आणि बियाण्याची वेगळी. कितीही ओढाताण झाली तरी बियाण्याला हात लावायचा नाही. मांड्यांवरची चरबी ही बियाण्याची कणगी आहे. ती उघडते कधी, तर बाळ अंगावर पीत असताना. स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात स्त्रियांच्या मांडीतल्या आणि पोटावरच्या चरबीचे बारीक तुकडे घेऊन पाहिलं गेलं. गरोदरपणात मांडीच्या पेशींचं आत घेणारं एन्झाइम जोरात होतं, आणि स्तनपानाच्या काळात तेच मंदावून मांडीतली चरबी सुटू लागली होती. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि अळीव देतात. पण दुधासाठी शरीराने स्वतः केलेली बेगमी त्याआधी कित्येक वर्षं मांड्यांवर तयार असते.

ही चरबी निरुपद्रवी आहे एवढंच नाही, ती राखण करते. जेवणानंतर रक्तात आलेलं जादा तूप-तेल ती शोषून घेते आणि घट्ट धरून ठेवते, त्यामुळे ते लिव्हरवर, स्नायूंत, हृदयाभोवती जाऊन बसत नाही. पोटाच्या आतली, आतड्यांच्या पडद्यांवरची चरबी नेमकी उलट. ती झटपट भरते, झटपट सुटते, आणि तिच्यातून निघणारं रक्त आधी थेट लिव्हरमध्ये जातं. लिव्हरवर फॅटी ॲसिडचा मारा झाला की ते स्वतः ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडतं, इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ असं लिहून येतं.

हा फरक पहिल्यांदा स्पष्टपणे मांडला तो मार्सेच्या ज्याँ व्हाग या फ्रेंच डॉक्टरांनी, १९४७ साली. त्यांनी लठ्ठपणाचे दोन साचे सांगितले, एक पुरुषी आणि एक स्त्रीचा, आणि मधुमेह व रक्तवाहिन्यांचे आजार पुरुषी साच्याच्या मागे लागतात असं म्हटलं. त्या काळात हे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आज टेपने कंबर मोजणं ही साधी गोष्ट आम्ही करतो ती त्याच विचारातून आली आहे.

तर पाळी जाताना काय होतं? अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन आधी वर-खाली होतं आणि मग घसरतं. बियाण्याच्या कणगीवरचा पहारा उठतो. मांड्यांकडे जाणारा माल पोटाकडे वळतो. त्याच वेळी अंडाशय थोडं टेस्टोस्टेरॉन बनवत राहतं, आणि लिव्हरमध्ये तयार होणारं, हार्मोन्सना बांधून ठेवणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन इस्ट्रोजेनबरोबर कमी होतं. त्यामुळे रक्तात मोकळ्या पुरुषी हार्मोनचा हिस्सा तुलनेने वाढतो. हनुवटीवर दोन-चार राठ केस येतात ते यामुळेच, आणि चरबीही त्याच साच्यात सरकते.

अमेरिकेत शेकडो स्त्रियांचा पाळी जायच्या आधीपासून नंतरपर्यंत, वर्षानुवर्षं, चरबी आणि स्नायू वेगवेगळे मोजून पाठपुरावा झाला आहे. त्यात दिसलं ते तुमच्या कहाणीशी जुळतं. शेवटच्या पाळीच्या साधारण दोन वर्षं आधी चरबी वाढण्याचा वेग दुप्पट होतो, त्याच सुमारास स्नायू उतरणीला लागतात, आणि हे पाळी गेल्यानंतरही दोनेक वर्षं चालतं. वजनाची रेघ मात्र पूर्वीच्याच चालीने सरळ जात राहते. म्हणजे समजा चार किलो चरबी चढली आणि दोन किलो स्नायू गेले, तर काटा म्हणणार ‘दोन किलो’. तुमच्या सैल मांड्या ही त्याच हिशोबाची दुसरी बाजू आहे. तिथली चरबी तर घटलीच, स्नायूही घटले.

इस्ट्रोजेनचं काम फक्त मेदपेशीत नसतं. मेंदूत, हायपोथॅलॅमसमध्ये, भूक आणि ऊर्जेचा खर्च सांभाळणाऱ्या पेशींवर त्याचा हुकूम ऐकणारे कान असतात. अंडाशय काढलेली उंदरीण जास्त खाते आणि कमी हालचाल करते. इस्ट्रोजेन परत दिलं की पूर्वपदावर येते. स्नायूंमध्येही इस्ट्रोजेन असताना लांब पल्ल्याच्या कामात चरबी जास्त जाळली जाते. सारख्या क्षमतेचे स्त्री-पुरुष सारख्या जोराने तासभर पळवले तर स्त्री चरबीतून जास्त ऊर्जा घेते आणि पुरुष साखरेतून. पाळी गेल्यावर ही सवलत कमी होते. म्हणून ‘चालणं तेच, खाणं तेच’ हे तुमचं वाक्य मला शंभर टक्के खरं वाटतं. तेवढ्याच चालण्याचा आणि तेवढ्याच जेवणाचा हिशोब शरीर आता वेगळा मांडतंय. तुमच्या शिस्तीत खोट आहे असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

प्रोजेस्टेरॉनबद्दल फार लिहीत नाही, कारण चरबीच्या बाबतीत त्याचा वाटा छोटा आहे. पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात ते वाढतं, शरीराचं तापमान किंचित चढतं, भूक वाढते, अंगात पाणी धरल्यासारखं वाटतं. पाळीआधी काटा किलोभर पुढे जातो तो पाण्यामुळे, चरबीमुळे नव्हे.

एक गोष्ट मात्र प्रत्येक बाईला माहीत हवी. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन संपत नाही. मेदपेशींमध्ये ॲरोमटेज नावाचं एन्झाइम असतं. मूत्रपिंडांवरच्या ॲड्रेनल ग्रंथींतून येणाऱ्या पुरुषी हार्मोनचं ते इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. म्हणजे अंडाशयाने दुकान बंद केलं तरी चरबी ते छोट्या प्रमाणात चालवत राहते. चरबी जास्त तर हे इस्ट्रोजेनही जास्त, आणि त्याला तोलून धरणारं प्रोजेस्टेरॉन तर आता नाहीच. गर्भाशयाचं अस्तर त्यामुळे वाढत राहू शकतं, आणि पाळी गेल्यानंतर वजनदार स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका जास्त असण्याचं हे एक कारण आहे. पाळी पूर्ण वर्षभर बंद राहिल्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी ‘उष्णता झाली असेल’ म्हणून घरी बसायचं नाही. आठवड्याच्या आत स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं.

पुरुषांचं काय? यात मला स्वतःला नेहमी नवल वाटत आलंय. लहानपणी गावाकडे सगळ्यांना माहीत असायचं की खच्ची केलेल्या बोकडाच्या अंगावर चरबी चढते आणि त्याचा वासही जातो. म्हणजे टेस्टोस्टेरॉन गेलं की मेद वाढतो, हे ज्ञान खाटकाकडे डॉक्टरांच्या आधीपासून आहे. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी टेस्टोस्टेरॉन बंद करणारी इंजेक्शनं घेणाऱ्या आजोबांमध्ये मी तेच पाहते. वर्षभरात दंड-मांड्या वाळतात, चरबी वाढते, साखर चढते. टेस्टोस्टेरॉन अर्धवट घडलेल्या पेशींना स्नायू व्हायला लावतं, मेदपेशी होऊ देत नाही, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे.

पण २०१३ साली बोस्टनमधून एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याने ही सरळ गोष्ट थोडी बदलली. २० ते ५० वयाच्या सुमारे चारशे निरोगी पुरुषांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन औषधाने बंद केलं, आणि मग वेगवेगळ्या गटांना टेस्टोस्टेरॉनची जेल वेगवेगळ्या मात्रेत १६ आठवडे लावायला दिली. निम्म्यांना सोबत असं औषध दिलं की टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होणारच नाही. निकाल असा आला की स्नायू आणि ताकद टेस्टोस्टेरॉनच्या मात्रेबरोबर खाली-वर झाली, पण चरबी वाढली ती मुख्यतः इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे. पुरुषाच्या पोटाची राखणही बऱ्याच अंशी ‘बायकांचं’ म्हटलं जाणारं हार्मोन करतं. जन्मतः ॲरोमटेज नसलेले काही अगदी मोजके पुरुष जगात नोंदले गेले आहेत. टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही त्यांच्यात पोटावरची चरबी, फॅटी लिव्हर, इन्सुलिनला न जुमानणं, सगळं दिसलं.

घरातल्या पुरुषाचं पोट सुटलं असेल तर चक्र असं फिरतं. पोटातली चरबी आणि चढलेलं इन्सुलिन लिव्हरमधलं एसएचबीजी पाडतात, वाढलेली चरबी मेंदूतून वृषणांना जाणारा संदेश मंद करते, टेस्टोस्टेरॉन उतरतं, स्नायू कमी होतात आणि पोट आणखी सुटतं. वजन उतरवलं की टेस्टोस्टेरॉन आपोआप वर येतं, आणि बहुतेकांना तेवढाच उपचार पुरतो. बाहेरून इंजेक्शन घेतलं की मेंदूचा संदेश पूर्ण थांबतो आणि शुक्राणू बनणं बंद होतं. लग्न ठरलेला २६ वर्षांचा एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. त्याच्या जिममधल्या कुणीतरी वर्षभर इंजेक्शनं टोचली होती, आणि त्याच्या रिपोर्टमध्ये शुक्राणूंच्या रकान्यात शून्य होतं. औषधं बंद करून ते परत यायला कित्येक महिने लागले. त्या महिन्यांत त्याच्या आईचा चेहरा मी पाहिलाय. मला अजूनही त्या सगळ्या प्रकाराचा राग येतो.

हार्मोन आणि चरबीची जागा यांचा सगळ्यात स्वच्छ पुरावा हवा असेल तर तो ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या उपचारात मिळतो. नेदरलँड्समध्ये एमआरआय करून पाहिलंय, आणि माझ्याही रुग्णांमध्ये ते डोळ्यांना दिसतं. इस्ट्रोजेन सुरू केलेल्या ट्रान्स स्त्रीच्या नितंबांवर, मांड्यांवर वर्षभरात चरबी धरू लागते. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषाच्या मांड्या उतरतात आणि पुढे पोटात चरबी वाढू लागते. जनुकं तीच, माणूस तोच, जेवणाचं ताट तेच, फक्त हार्मोन बदललं.

आता मुलीबद्दल. तुम्ही विचाराल, टेस्टोस्टेरॉन पुरुषाचं पोट आवरतं तर पीसीओडीत तेच वाढून मुलीचं पोट का सुटतं? प्रश्न रास्त आहे. पुरुषात टेस्टोस्टेरॉन कमी पडलं की पोटात चरबी धरते, स्त्रीत ते जास्त झालं की धरते. स्त्रीच्या मेदपेशींना इस्ट्रोजेनच्या राज्यात राहायची सवय असते. पुरुषी हार्मोन वाढलं की तिच्या त्वचेखालच्या पेशी ॲड्रेनलिनचं नीट ऐकत नाहीत आणि चरबी आतल्या बाजूला साठू लागते. त्यात इन्सुलिन तेल ओततं. चढलेलं इन्सुलिन अंडाशयाला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं आणि लिव्हरमधलं एसएचबीजी पाडतं, म्हणजे मोकळं टेस्टोस्टेरॉन दोन्हीकडून वाढतं. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखी काळसर त्वचा दिसते का बघा. ‘मान नीट घासत नाही’ म्हणून आया मुलींना रागावतात. ती मळ नसते, चढलेल्या इन्सुलिनची खूण असते.

तिच्या बाबतीत चांगली बातमी अशी की वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी बऱ्याच मुलींची पाळी मार्गावर येते. ६८ किलोच्या मुलीला साडेतीन ते सात किलो. ‘लग्न झालं की सगळं ठीक होईल’ असं तिला सांगू नका, आणि कुणाला सांगू देऊ नका. साखर, थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि टेस्टोस्टेरॉन एकदा तपासून घ्या. मेटफॉर्मिन (इन्सुलिनचं काम सुधारणारी गोळी) किंवा पाळीच्या गोळ्यांची गरज आहे का ते समोर बसून ठरवू.

आपल्या लोकांसाठी या सगळ्याला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांची मापं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं वजनाने बरीच लहान, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली, आणि स्नायू कमी. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून आपल्या स्त्रीची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत आणि पुरुषाची ९० च्या आत असावी असं आम्ही सांगतो. पाश्चात्य पुस्तकांतले आकडे याहून सैल आहेत. त्यात भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्य स्त्रीची ५१ च्या आसपास. मुळात स्नायू कमी, पोटात चरबी धरण्याचा कल जास्त, आणि इस्ट्रोजेनचा पहारा चार वर्षं आधी उठतो. तुमचे ८७ सेंटीमीटर मी हलक्यात घेत नाही ते यासाठी.

याच कारणाने एक प्रश्न मी पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक बाईला विचारते: पिशवी काढली आहे का? आणि हो म्हणाली तर पुढचा: फक्त पिशवी, की अंडाशयही? बहुतेकींना माहीतच नसतं. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ मध्ये सरकारी पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली, आणि त्यातल्या कित्येकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. अंडाशय ठेवलं असेल तर हार्मोन लगेच जात नाहीत, जरा लवकर थकतात इतकंच. पण दोन्ही अंडाशयं काढली तर तिशी-पस्तिशीतली बाई एका दिवसात पाळी गेलेली बाई होते. जे बदल तुमच्यात चार-पाच वर्षांत हळूहळू होत आहेत ते तिच्यात महिन्यांत होतात, आणि हाडं, हृदय, साखर सगळ्यावर पुढची वीस वर्षं त्याचा भार पडतो. अशा बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यायला हवं. ते बहुतेकींना मिळत नाही. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिला जुनं डिस्चार्ज कार्ड शोधायला सांगा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, गोळ्यांचा. केवळ पोट उतरवण्यासाठी हार्मोन घेऊ नका. ते त्याचं औषध नाही. पण रात्री घामाने अंथरूण भिजत असेल, झोप मोडत असेल, अंगातून वाफा निघत असतील, तर त्यासाठी हार्मोन उपचार उत्तम आहे, आणि पोटाकडे सरकणारी चरबी त्याने थोडी आवरली जाते हा वरचा फायदा. ‘हार्मोनने वजन वाढतं’ ही भीती चाचण्यांत खरी ठरलेली नाही.

कॅन्सरची भीती कुठून आली तेही सांगते. २००२ साली अमेरिकेतली एक मोठी चाचणी, १६,६०८ स्त्रियांची, मध्येच थांबवावी लागली, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं औषध एकत्र घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कॅन्सर थोडा जास्त दिसला. त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा वर्षं उलटली होती. त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांमध्ये मधुमेह कमी जणींना झाला, हे मात्र वर्तमानपत्रांत फारसं आलं नाही. आज आम्ही साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास असेल तर, धोके तपासून देतो. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, लिव्हरचा मोठा आजार असेल, तर नाही. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. आणि ट्रायग्लिसराइड चढलेले असतील तर गोळीऐवजी त्वचेवर लावायची जेल किंवा पॅच. गोळी पोटातून आधी लिव्हरमध्ये जाते आणि तिथे ट्रायग्लिसराइड वाढवते. त्वचेतून गेलेलं इस्ट्रोजेन हा त्रास देत नाही. दुकानात ‘हार्मोन बॅलन्स’ म्हणून मिळणाऱ्या चूर्णांवर आणि डब्यांवर एक रुपयाही घालवू नका.

हार्मोन्सचा पूर्ण संच तपासायचीही तुम्हाला गरज नाही. या वयात एफएसएच, म्हणजे अंडाशयाला मेंदूकडून येणारं हुकमाचं हार्मोन, आणि इस्ट्रोजेन आठवड्या-आठवड्याला बदलतं. आजच्या रिपोर्टवरून उद्याचं काही कळत नाही. त्या पैशांत उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि लिव्हरच्या तपासण्या करा, रक्तदाब मोजा. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरात एकदम वर जातं, म्हणून दोन वर्षांपूर्वीचा चांगला रिपोर्ट आता धरायचा नाही.

चालणं सोडू नका, पण ते पुरेसं नाही. गेलेला स्नायू चालण्याने परत येत नाही, त्याला वजन उचलायला लागतं. आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकवून दंड काढणं, पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन हात वर उचलणं, जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणं. सोपं वाटू लागलं की वजन वाढवायचं. पूर्वी विहिरीवरून कळशी आणणं हा व्यायाम आपोआप होता, आता तो मुद्दाम करावा लागतो. स्नायू हाच साखर आणि फॅटी ॲसिड जाळणारा सगळ्यात मोठा अवयव आहे, म्हणून इस्ट्रोजेनने सोडून दिलेलं काम उचलायला त्याच्याइतकं दुसरं कुणी नाही.

त्याला बांधायला प्रथिनं लागतात. तुमच्या वजनाला दिवसाकाठी साठ ग्रॅम धरा. एक वाटी घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा. आपल्या ताटात भात-पोळी भरपूर आणि वरण पातळ, त्यामुळे बहुतेक बायका निम्म्यावरच थांबतात. उसळ, पिठलं, दही, पनीर, अंडी, मासे, जे चालत असेल ते दोन्ही जेवणांत घ्या. आणि वजन उतरावं म्हणून चतुर्थी, सोमवार, एकादशी असे उपास करत असाल तर साबुदाण्याची खिचडी त्या कामाची नाही. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, तो इन्सुलिन चढवतो, आणि चढलेल्या इन्सुलिनपुढे कणगीचं बाहेरचं दार बंदच राहतं. देवासाठी उपास करा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या दिवशी दही, दूध, मूठभर शेंगदाणे आणि फळ घ्या.

बारा आठवड्यांनी पुन्हा कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, सकाळी, साडीवरून नाही तर अंगावर, श्वास सोडून, टेप घट्ट न ओढता. दोनदा मोजून सरासरी लिहा. काटा ढिम्म राहिला आणि टेप दोन सेंटीमीटर खाली आली, तर उपाय लागू पडतोय असं समजा आणि तेच चालू ठेवा. कंबर तेवढीच राहिली किंवा साखरेचा आकडा वाढलेला आला, तर रिपोर्ट घेऊन दाखवायला या. मुलीलाही सोबत आणा.